पडू न देणारी खुर्ची

बसा भावजी, उभ्याउभ्या काय बोलायचं — तिथे नको, त्या स्टुलाचा एक पाय हलतो, इकडे या, खिडकीपाशी — तर काय सांगत होते, फ्रिज धूत होते मी. फोन आला तेव्हा. येणारा प्रत्येक जण मला हेच विचारतो, तुम्हाला आधी काही जाणवलं का, जीव घाबरा झाला का, हातातून काही निसटलं का — काही नाही. किळस येत होती, तेवढीच जाणवत होती. यांचा तो गळाला लावायच्या गांडुळांचा डबा, तुमच्याही घरी असेल तसलाच — खालच्या कप्प्यात, भाजीच्या मागे लपवून ठेवायचे, म्हणजे माझ्या नजरेला पडायला नको — त्यातली मूठभर काढून घेतली असतील पहाटे आणि झाकण नुसतं टेकवलं. सकाळी मी पालेभाजी घ्यायला कप्पा ओढला तर पानापानांत वळवळ. लोण्याच्या डब्यावर एक, दाराच्या रबराच्या खाचेत दोन, आणि एक मेलं कुठे गेलं ते शेवटपर्यंत सापडलं नाही. हातांत रबरी मोजे, मोज्यात चिमटा, एकेक वेचून वाडग्यात टाकत होते आणि यांना मोठमोठ्याने बोलत होते. घरात कोणी नव्हतं, फ्रिजलाच ऐकवत होते म्हणा ना. म्हटलं, या तुम्ही घरी, हा डबा आज तुमच्या उशीखाली जातो की नाही बघा. फोन वाजला तो वाजू दिला. हात तसले, उचलणार कसा? पुन्हा वाजला. तेव्हा मोजा काढून उचलला, तर तुमचे ते चष्मेवाले — वहिनी, आम्ही मेस्त्रींना घेऊन येतोय. मी म्हटलं, घेऊन काय येताय, त्यांना पाय नाहीत का? आणि पलीकडे गप्प. तुम्हा तिघांचं ते गप्प बसणं मला फोनवरूनही ओळखू येतं. पाण्यापाशी बसतात तसे गप्प. त्यावरूनच कळलं मला, शब्दांनी नाही कळलं.

चहा घ्याल ना? ठेवते थोड्या वेळाने. आधी तुमचं काम — नाही, तुम्ही नका सांगू, मला माहीत आहे तुमचं काम. तुमच्या बायकोचा फोन आला होता. फार संकोचून बोलत होती बिचारी, चारदा माफी मागितली. म्हणाली, हे पाठीने हैराण आहेत, उठताना भिंत धरावी लागते, आणि तळ्यावर जायचं तर सोडत नाहीत, तर मेस्त्रींची ती खुर्ची कुठली होती हो, हे फार वाखाणतात तिला — हलकी आहे, आरामशीर आहे, आणि शिवाय मजबूत आहे म्हणतात. मी म्हटलं, त्यांनाच पाठवा, मी सगळं सांगते. तिच्यावर माझा राग नाही. तिला नवऱ्याची पाठ दिसते, बाकी काही दिसत नाही, मीही तशीच होते. पण तुम्ही, भावजी — तुम्ही त्या दिवशी दाराशी उभे राहिलात, चपलासुद्धा काढल्या नाहीत, आणि गेलात. त्यानंतर आज येताय, आणि येताय ते खुर्चीसाठी. असू दे. कशी निवडली, काय काय पाहिलं, कशाला नाही म्हटलं, सगळं सांगते, हातचं काही राखत नाही. फक्त माझंही एक काम आहे तुमच्याकडे. यांनी त्या सकाळी शेवटचं काय म्हटलं, आणि तेव्हा ऊन आलं होतं की नव्हतं. एवढंच हवंय मला. चष्मेवाल्यांना विचारलं मी. ते म्हणाले, मी उजवीकडे होतो, त्या झुडपापलीकडे, माझ्या कानावर काही आलं नाही — डावीकडे ते होते, त्यांना विचारा. ते म्हणजे तुम्ही. तर मी खुर्चीचं सांगते, मग तुम्ही ते सांगा. चालेल? — मान हलवलीत, म्हणजे चालेल.

तर पहिली खुर्ची. ती यांनी एकट्याने जाऊन आणली होती, मला न विचारता. छत्रीएवढी. मिटली की काखेत मावायची, आणि त्याचंच यांना कोण कौतुक. आता बघा, हा माणूस जन्मभर लिफ्टच्या खड्ड्यात वाकून काम केलेला, दोराची एक तार तुटलेली दिसली तर अख्ख्या इमारतीला जिन्याने चढायला लावणारा — लोक शिव्या द्यायचे, तरी हे लिफ्टचं कुलूप काढायचे नाहीत. आणि स्वतःच्या बुडाखाली काय घेतलं, तर पेन्सिलीएवढ्या सळया आणि वर चिंधी. का, तर हलकी. बस सोडल्यावर तो चढ आहे ना, मग उतार, मग ते दगड — सगळं सामान पाठीवर घेऊन जायचं, आणि पाठच तर गेलेली. वजन, वजन, दुसरं बोलणं नाही. हलकं म्हणजे चांगलं नसतं हो, हलकं म्हणजे नुसतं हलकं. त्या खुर्चीचे पाय सुयांसारखे, टोकाला बूच नाही की काही नाही, ओल्या काठावर एक पाय आत गेला, सळई वाकली, आणि मेस्त्री कुशीवर पाण्यात, एका कानात चिखल. तुम्ही धावलात तेव्हा. दोघंही धावलात, चष्मेवाल्यांनी तर म्हणे स्वतःची काठी टाकली आणि ती पाण्यात गेली. हे घरी आले ते हसतच, कानात वाळलेला गाळ घेऊन. मी बादलीवर बादली ओतली. त्या तळ्याचा तो वास — कुजकी पानं, शेवाळ, मासे, आणि त्यात तुमच्या त्या मळलेल्या कणकेच्या गोळ्यांचा आंबूस वास — दोन धुण्यांत जात नाही तो. तोंडावर पदर धरून मी ते कपडे पिळले आणि त्याच दिवशी ठरवलं, दुसरी खुर्ची मी आणीन. माझ्यासमोर बसून बघायची, मगच घ्यायची.

ते पुलाजवळचं दुकान, तुम्ही जातच असाल. आत शिरलं की रबराचा वास डोक्यात जातो. भिंतभर ते प्लास्टिकचे किडे लटकवलेले, लाल, हिरवे, चकाकणारे — खरे काय कमी होते माझ्या घरात. आणि तो दुकानदार, तोंडाला साखर लावूनच बसलेला. वहिनी, या खुर्चीत हवेत बसल्यासारखं वाटेल. म्हटलं, हवेत बसूनच आलेत ते, म्हणून तर तुमच्याकडे आलोय. हसला. त्याला काय, तो कशालाही हसतो. मांडलेल्या खुर्च्यांची डोकी टेकायची जागा बघितलीत कधी? काळपट, तेलकट, बघवत नाही — कोणकोण येऊन डोकं टेकून गेलेलं, विकत कोणी घेतलेली नाही. मी यांना रुमाल दिला, म्हटलं, मानेखाली घ्या आणि मगच टेका. यांचं लक्ष कुठे. यांनी दुकानात शिरल्याशिरल्या खुर्च्या उलट्या करायला सुरुवात केली. बसायचं नंतर, आधी खालून बघायचं. सांधे हलवून बघायचे, रिव्हेटवर अंगठा दाबायचा, कान लावायचा. चिठ्ठीवर लिहिलंय एवढं एवढं वजन पेलते, तर म्हणाले, चिठ्ठी मी वाचतो, खुर्ची वाचत नाही. दुकानदाराचा हसरा चेहरा तेव्हा जरा उतरला. मला बरं वाटलं.

आता तुमच्या कामाचं, लक्ष देऊन ऐका. पाय बघायचे आधी. खाली रुंद चकत्या हव्यात, बदकाच्या पायांसारख्या, म्हणजे चिखलात रुतत नाहीत. आणि चारही पाय वेगवेगळे लांब-आखूड करता आले पाहिजेत, कारण काठ उतरता असतो, खुर्ची सपाट बसायला हवी. नळ्या अॅल्युमिनियमच्या, पण जाड, पोकळ — हाताने वाकवून बघायच्या, लाज बाळगायची नाही. कापड जाळीचं, म्हणजे पाऊस लागला तरी पाणी साचत नाही आणि पाठीला घामाची चिकचिक होत नाही. बसायची उंची गुडघ्याएवढी. त्या बुटक्या खुर्च्या असतात ना, त्यांत माणूस बसतो झकास आणि मग उठायला क्रेन बोलवावी लागते. तुमची पाठ तर यांच्यासारखीच, तर बुटकी घेऊच नका. हे सगळं पटलं यांना. भांडण झालं ते हातांवरून. यांना हात नसलेली हवी होती — गळ टाकताना कोपर अडतं म्हणाले. आणि मला हात असलेलीच हवी होती, दोन्ही बाजूंना, आणि पाठ उंच, किंचित मागे कललेली, डोक्याला उशी. का, तर यांना डुलकी लागायची. पहाटे उठून गेलेला माणूस, ऊन लागलं की डोळा लागणारच, आणि एकदा पाण्यात पडून आलेला. आम्ही दोघं भर दुकानात वाद घालतोय, म्हणजे मी घालतेय आणि हे गप्प — तेव्हा तो दुकानदार मध्ये पडला. म्हणाला, वहिनी, ही घ्या, हिच्यात माणूस झोपला तरी पडणार नाही.

त्या वाक्यावर मी ती घेतली.

हे बसले तिच्यात. भिंतीकडे तोंड करून, टोपी डोळ्यांवर ओढून, माझी छत्री काठीसारखी धरून. बराच वेळ बसले. लोक वळसा घालून जात होते, एक बाई तर मला विचारती झाली, तुमचे मिस्टर बरे आहेत ना. मी म्हटलं, मासे धरताहेत. उठवत नाही म्हणाले. एवढं एकच म्हणाले, उठवत नाही गं. मला काय आनंद झाला, भावजी, सांगू नये — जसं काही मीच ती बनवली होती. घरी आल्यावर वजनकाट्यावर आधी खुर्ची घेऊन उभे राहिले, मग खुर्चीशिवाय, आणि वजाबाकी करून मला दाखवली. पहिलीपेक्षा जरा जड, पण चालेल म्हणाले, आणि पट्टा खांद्याला अडकवून घरभर फिरले. तुम्हाला दाखवायला पण आणली असेल. तुम्ही काही म्हणाला नसाल, नुसती बोटं फिरवली असतील.

कारण तुम्ही बोलता कुठे? मला हे कधी कळलंच नाही. गळ पाण्यात असेपर्यंत बोलायचं नाही, हा नियम कोणी केला? मासे ऐकतात म्हणे. खरंच ऐकतात का हो? आणि ऐकलं तर ऐकलं, काय बिघडणार होतं — तुम्ही तीन प्रौढ माणसं, पोटासाठी तर धरत नव्हता. आणि नियम तळ्यावर राहिला असता तरी एक वेळ चाललं असतं, पण हे तो घरी घेऊन आले. सुरुवातीला नुसतं रविवारी. मग जेवताना. मी काही सांगायला लागले की असा हात वर करायचे, तळवा माझ्याकडे — रागाने नाही, रागावलेले मी त्यांना फारसं पाहिलंच नाही, नुसतं आपलं, थांब जरा, असं. कशासाठी थांब? ताटात काय मासा येणार होता? आणि मी थांबायचे. नंतर नंतर मीही बोलेनाशी झाले. संध्याकाळी आम्ही दोघं या खोलीत बसायचो, हे तिथे, तुम्ही बसलात तिथेच, आणि मी इथे, आणि मध्ये जसं काही पाणी. तुम्हाला हे सांगायचं नव्हतं मला. जाऊ दे.

तर काय — येणारे लोक. एकेक नग. कोणी म्हणतं, आवडीच्या जागी गेले. कोणी म्हणतं, बसल्या बसल्या, केवढं भाग्य, एवढासुद्धा त्रास नाही. माझी नणंद म्हणाली, चेहरा बघितलास ना, झोपल्यासारखा होता. मी उठून मोरीत गेले, खरं सांगते. झोपल्यासारखा होता म्हणूनच तर. झोपल्यासारखा नसता तर कोणीतरी बघितलं नसतं का? भाग्य म्हणे. त्या भाग्याचं वर्णन चष्मेवाल्यांनी मला अगदी सविस्तर केलं, त्यांना वाटत होतं मला त्याने बरं वाटेल. म्हणाले, मेस्त्री कसे अगदी ताठ बसले होते. टोपी डोळ्यांवर. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर. आम्हाला वाटलं, लागलाय डोळा, कशाला मोडा झोप. ऊन वर आलं, आम्ही थर्मासमधला चहा घेतला, त्यांचा कप भरून त्यांच्या खुर्चीच्या त्या खळग्यात ठेवला — तुमच्यापैकी कोणी ठेवला तो? तुम्ही? — त्यांच्या कोपरापासून वीतभर अंतरावर कप ठेवलात तुम्ही, भावजी, आणि त्यांच्याकडे पाहिलं नाहीत. आणि मग घंटी वाजली. यांच्या काठीच्या टोकाला बांधलेली ती बारकी घंटी, मासा लागला की वाजते ती. वाजली, थांबली, पुन्हा वाजली. चष्मेवाले म्हणाले, आम्हाला वाटलं, मासा दमवताहेत, मेस्त्रींची तशी सवय होती, घाई करायचे नाहीत. आणि दुसऱ्याच्या काठीला हात लावायचा नाही, हा दुसरा नियम. तर ती घंटी वाजत राहिली आणि तुम्ही दोघं आपापल्या पाण्याकडे बघत राहिलात. मासा तोडून गेला शेवटी. त्याला कळलं, त्या टोकाला कोणी नाही. माशाला कळलं. तुम्हाला निघताना कळलं, तेसुद्धा स्वतःच्या खुर्च्या मिटून झाल्यावर.

पहिल्या खुर्चीत असते तर पडले असते ना? तीच ती चिंधी, पेन्सिलीच्या सळया. मान गेली की अंग एका बाजूला झुकलं असतं, सळई वाकली असती, धपकन पाण्यात. तुम्ही धावला असता. मागे धावला होतात तसे, काठ्या टाकून. वेळेत की उशिरा, ते मी म्हणत नाही, डॉक्टरही म्हणाले सांगता येत नाही — पण धावला असता. कोणीतरी हाक मारली असती. कोणीतरी हाताला धरलं असतं यांना, तो हात गरम असताना.

पाणी हवंय का? घसा खाकरताय. — नको? बरं.

खुर्ची चष्मेवाल्यांनी आणून दिली, धुऊन, पुसून, पिशवीत घालून. पाय चकचकीत केलेले. म्हणाले, अगदी नव्यासारखी आहे. मी आत नेली आणि दार लावलं. हे आता मी तुमच्या बायकोलासुद्धा सांगणार नाही, तुम्हाला सांगतेय — ती उघडून मी तिच्यात बसले. भिंतीकडे तोंड करून. हात हातांवर ठेवले. आणि अंग सोडून दिलं. सगळं सोडलं, मान, खांदे, पोट, जबडा, मेल्यासारखी झाले. आधी उजवीकडे कलून पाहिलं, हाताने अडवलं. डावीकडे, तिकडेही अडवलं. पुढे झुकले तर ते जाळीचं कापड खालून असं धरतं ना, पोटाशी घेतल्यासारखं, की माणूस पुन्हा मागेच जातो. मी रोज करून पाहते. संध्याकाळी, कोणी येणारं नसलं की. काहीही केलं तरी पडता येत नाही तिच्यातून. शिसारी येते मला तिची. इतकी चांगली खुर्ची मी जन्मात पाहिलेली नाही.

झालं. हलकी, आरामशीर, मजबूत — तिन्ही सांगून झालं, दुकानही सांगितलं. आता तुमची पाळी.

बोला.

हे बघा भावजी, मी काही तुमच्याकडून माझं नाव ऐकायला बसलेली नाही. माझी आठवण काढली असेल, निरोप दिला असेल, असलं काही माझ्या मनात नाही, एवढी खुळी मी नाही. नुसतं काय म्हणाले ते. थंडी आहे म्हणाले असतील. दोरा गुंतला म्हणाले असतील. शिवी दिली असेल तर शिवी सांगा. मला त्या सकाळचं यांचं एकही वाक्य माहीत नाही, निघाले तेव्हा मी झोपेत होते, दाराचा आवाज तेवढा ऐकला. तुम्ही डावीकडे होतात. तीन हातांवर. इथे गळ नाही, पाणी नाही, मासे नाहीत. बोला.

खिडकीबाहेर काय आहे? काही नाहीये तिथे. माझ्याकडे बघा.

— काय? मोठ्याने बोला, मला नाही ऐकू आलं.

तुमच्याकडे वळले. वळून काय — 'अहो, ऐका' म्हणाले? बरं. 'अहो, ऐका.' मग? मग पुढे काय म्हणाले?

हे काय करताय? बोट का ठेवलंत ओठांवर? मी काही बोलतच नाहीये, तुम्हीच — 

अच्छा.

असं केलंत तुम्ही. त्यांना. त्यांनी 'अहो, ऐका' म्हटलं आणि तुम्ही त्यांना असं केलंत.

खाली घ्या तो हात. कळलं मला.

तुमचा गळ हलत होता? म्हणजे लागायच्या बेतात होता. हो, मग बरोबर आहे, अशा वेळी कोण बोलेल. आणि यांनी काय केलं? रागावले? — नाही रागावले. मान डोलावली. हसले? — हसले. आणि मागे टेकून बसले, टोपी ओढून घेतली. हां. तसेच करायचे ते, दुसऱ्याचा नियम मोडायचे नाहीत. ऊन? ऊन आलं होतं का? — यायचं होतं. म्हणजे उजाडत होतं नुसतं. म्हणजे चहाच्या कितीतरी आधी. घंटीच्याही आधी. ती सगळी सकाळ.

छातीवर हात वगैरे होता का त्यांचा, वळले तेव्हा? — तुम्ही बघितलं नाहीत. तुम्ही पाण्याकडे बघत होता. बोट ओठांवर, डोळे पाण्यावर.

मिळाला का मासा?

मिळाला. — नको, हाताने दाखवू नका, केवढा होता ते मला बघायचं नाही.

रडू नका. माझ्यासमोर नको, माझ्याच्याने ते पुसलं जाणार नाही. घरी जाऊन रडा, तिथे तुमची बायको आहे, आणि काय झालं म्हणून ती विचारेल, तेव्हा तिला सांगा. एवढं मात्र करा, तिला सांगा. 

चहा मी आता ठेवत नाही. उठा. भिंत धरा हवी तर, सावकाश — हां. ती खुर्ची त्या आतल्या दारामागे आहे, पिशवीत. घेऊन जा. नाही कसं म्हणता, तिच्यासाठीच आला होतात ना? पट्टा खांद्याला अडकवा, वजन जाणवणार सुद्धा नाही. तळ्यावर न्या नाहीतर माळ्यावर टाका, मला विचारू नका. जिन्यात दिवा नाही, कठडा धरून उतरा. आणि परत येऊ नका, भावजी. चष्मेवाले आले तर चालतील. तुम्ही नको.

दार मी लावून घेते, तुम्ही जा. यांना काय सांगायचं होतं, ते तुम्ही मासा काढून झाल्यावरही विचारलं नाहीत.